न जळलेल्या तेलाचा हिशेब

आमच्या देवळाच्या गाभाऱ्यातील नंदादीपासाठी माझ्या पणजोबांच्याही आधीच्या कोणा पूर्वजाने बारा माड देवाच्या नावे करून दिले होते. माडांचे नारळ, नारळांचे खोबरे, खोबऱ्याचे तेल आणि तेलाचा उजेड, असा तो सरळ व्यवहार. लहानपणी सांजवेळी मी आजोबांचे बोट धरून देवळात जात असे. देवळी समईत तेल घालू लागला की आजोबा न चुकता म्हणत, "वात ल्हान कर रे, फाल्यांय तेल जाय." देवाच्या दारी उभे राहून उद्याच्या तेलाची चिंता करणारे आजोबा तेव्हा मला अंमळ चिकट वाटत. गावात वीज आली ती गोवा मुक्त झाल्यानंतर काही वर्षांनी; आणि वीज आल्यावर वात लहान करण्याची गोष्ट कोणाच्या मनात उरली नाही. खटका दाबला की उजेड, आणि बिल देणारे देवस्थान!

त्या बारा माडांपैकी आज पाच उभे आहेत आणि मी त्या देवस्थानाचा खजिनदार आहे. निवृत्तीनंतर माणसाने नामस्मरण करावे अशी आमच्याकडे अपेक्षा असते. माझ्या वाट्याला विजेची बिले आली. असो. ती बिले चाळता चाळता एक जुना सल पुन्हा वर आला आणि त्या नादात, निरनिराळी सरकारे आपल्याच दिव्यांची काटकसर कोणत्या पैशातून करतात, या प्रश्नाचा मी थोडा पाठलाग केला. विषय रूक्ष आहे हे मान्य. परंतु ज्यांनी एकदा तरी देवळाची वही लिहिली आहे त्यांना तो परका वाटणार नाही.

आधी तो सल सांगतो. माझी सारी नोकरी एका सरकारी कचेरीच्या हिशेबशाखेत झाली. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशा कचेऱ्या सर्वत्र सारख्याच असतात. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत चाळीस वॅटच्या ट्यूबा होत्या आणि प्रत्येकीमागे तांब्याच्या तारेचा एक जड चोक होता. हा चोक उजेड काही देत नसे. पण स्वतः बारा-पंधरा वॅट खाऊन वर गरम होत असे. आमच्या वीजतंत्र्याने एक दिवस मला माडीवर नेऊन त्या चोकाला हात लावायला सांगितले. चटकाच बसला. "साहेब, या उष्णतेचेही बिल आपण भरतो," तो म्हणाला. त्याने मांडलेला हिशेब चोख होता. इलेक्ट्रॉनिक चोक बसवले तर त्यांची किंमत दोन वर्षांच्या आत बिलातून भरून निघत होती. मी उत्साहाच्या भरात किरकोळ खर्चाच्या तरतुदीतून ते काम करवून घेतले.

बिल उतरले. मी आणि तो तंत्रज्ञ, दोघेही मनातून फार सुखावलो होतो. मग नवे अंदाजपत्रक आले. जेवढे बिल कमी झाले होते तेवढीच रक्कम वीजखर्चाच्या शीर्षातून कापली गेली होती. आणि किरकोळ खर्चातून परवानगीविना भांडवली वस्तू घेतली म्हणून लेखापरीक्षकांचा आक्षेप माझ्या नावे लागला, तो निकाली निघायला तीन वर्षे गेली. इमारतीचा दुसरा मजला तसाच राहिला. वरिष्ठांनी मला बोलावून घेतले. ते रागावले नाहीत, त्यांनी अनुभवाची गोष्ट सांगितली: "दिवे जळू द्या हो, तरतूद मरता कामा नये." मी खाली येऊन तंत्रज्ञाला काय सांगावे हे मला सुचले नाही. त्याने विचारलेही नाही.

त्या दिवसापासून मला वाटत आले आहे की सरकारी काटकसरीची अडचण यंत्राची नसून वहीची आहे. पैसा घालतो एक शीर्ष, वाचतो दुसऱ्या शीर्षात, आणि ३१ मार्चला दोघांचीही पाटी कोरी होते. जो वाचवतो त्याच्या हाती वाचलेले राहत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की, आज लागणारा पैसा आणि पुढच्या सात-आठ वर्षांत थेंबाथेंबाने वाचणारा पैसा, या दोहोंना एका दोऱ्यात ओवणार कोण?

मौज अशी की हा प्रश्न सरकारांच्या आधी एका यंत्रकाराला पडला होता. जेम्स वॅटने १७६९ साली आपल्या वाफेच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे मॅथ्यू बोल्टनशी भागीदारी झाल्यावर या जोडीने इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या खाणींत, ही यंत्रे बसवली. तेथे तांबे व कथील मिळे. कोळसा मात्र समुद्रमार्गे आणावा लागे, म्हणून तो महाग. भागीदारांनी करार केला तो असा: जुन्या न्यूकमेनच्या यंत्राला जेवढा कोळसा लागला असता त्याच्या तुलनेत जेवढा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हांला द्या. यंत्राच्या तुळईचे हेलकावे मोजणारे एक मोजयंत्र कुलूपबंद पेटीत ठेवलेले असे. प्रथम खाणमालक खूश होते. पुढे जुनी यंत्रे दृष्टीआड झाली, तसे त्यांना वाटू लागले, की जो कोळसा आम्ही जाळलाच नाही त्याचे पैसे कशाचे? काहींनी देणे थांबवले, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १८०० साली पेटंट संपले आणि वादही संपला. जळलेला कोळसा तराजूत घालता येतो. न जळलेला कोळसा तराजूत बसत नाही, तो कागदावर मानावा लागतो. वाचकहो, हे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण पुढे आमच्या महाजनांच्या सभेत माझी जी गत झाली तिचे बीज यातच आहे.

अमेरिकेच्या संघसरकारने १९८६मध्ये कायदा करून वॅटचीच रीत आपल्या कचेऱ्यांना लावली. खाजगी कंपनीने स्वतःच्या पैशाने दिवे, बॉयलर, वातानुकूलनाची यंत्रे सुधारावीत आणि वाचलेल्या पैशातून आपले घेणे वसूल करावे. बचतीपेक्षा अधिक रक्कम सरकारने देऊ नये. अशा करारांची मुदत पंचवीस वर्षांपर्यंत ठेवता येते. पंचवीस वर्षांत किती अधिकारी बदलतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला अशा कराराची धास्ती वाटल्याखेरीज राहणार नाही.

टेक्सास राज्याने दुसरी वाट धरली. सत्तरीच्या दशकात तेलाच्या किमतींवर सरकारी नियंत्रण असताना तेल कंपन्यांनी लोकांकडून जो अधिक पैसा उकळला होता तो न्यायालयांनी परत करायला लावला. त्यातून टेक्सासच्या वाट्याला आलेल्या रकमेपैकी सुमारे ९ कोटी ८६ लक्ष डॉलरचा एक फिरता कर्जनिधी १९८८मध्ये उभा राहिला. शाळा, विद्यापीठे, सरकारी इमारती यांनी त्यातून कर्ज घ्यावे, वाचलेल्या बिलातून फेडावे आणि फेडीचा पैसा पुढच्या इमारतीकडे जावा. तेलाच्या लबाडीतून आलेला पैसा तेल वाचवण्याच्या कामी लागावा, याला आपल्याकडे नियतीचा न्याय म्हटले असते. मला त्यात अधिक आवडली ती गोष्ट वेगळीच. राज्याच्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने या इमारतींवर मापके बसवून बचत खरोखर झाली की नाही हे वर्षानुवर्षे पडताळले. कर्ज देणारे पुष्कळ असतात, मोजणारे थोडे.

परंतु माझ्या चोकाच्या दुःखावर नेमके औषध मला सापडले ते जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात. तेथील नगरपालिकेने १९९५मध्ये एक साधी व्यवस्था सुरू केली. बाहेरची कंपनी नको आणि बँकही नको. नगरपालिकेचेच पर्यावरण खाते आपल्या निधीतून शिक्षणखात्याच्या शाळेत किंवा स्नानगृहखात्याच्या तलावावर सुधारणा करून देते. त्या खात्याची वीज-इंधनाची तरतूद कापली जात नाही. बिल उतरल्यामुळे जो फरक पडतो तो दरवर्षी पर्यावरण खात्याकडे जमा होत जातो, आणि घातलेला पैसा फिटला की बचत त्या खात्याची. व्याज नाही. नगरपालिका स्वतःशीच करार करू शकत नाही. म्हणून हा कायद्याच्या अर्थाने करारसुद्धा नव्हे, एका छपराखालच्या दोन टेबलांमधला लेखी समजूतदारपणा आहे. हे वाचले तेव्हा मी चष्मा काढून काही वेळ स्वस्थ बसलो. आमच्या कचेरीत ही दोन टेबले एकमेकांपासून दहा पावलांवर होती.

इंग्लंडनेही २००४मध्ये सॅलिक्स नावाची संस्था काढून शाळा, इस्पितळे, नगरपालिका यांना बिनव्याजी कर्जे देण्यास आरंभ केला. तिच्या इतिहासात एक वळण विचार करण्याजोगे आहे. दिवे बदलणे, पाइपांना आवरण घालणे ही कामे स्वतःची किंमत स्वतः फेडतात, म्हणून तेथे कर्ज पुरते. पण इंग्लंडच्या थंडीत इमारती तापतात त्या गॅसच्या बॉयलरवर. तो काढून विजेवर चालणारा उष्णतापंप बसवला तर कर्बवायू पुष्कळ कमी होतो, पैसा मात्र क्वचितच तेवढा वाचतो. येथे काटकसर आणि कर्बवायू यांच्या वाटा वेगळ्या होतात. म्हणून २०२०मध्ये त्या सरकारला १ अब्ज पौंडांचे अनुदान याच संस्थेमार्फत वाटावे लागले. कर्ज नव्हे, अनुदान. जे लोक सांगतात की पृथ्वीचे रक्षण करा आणि खिसाही भरा, ते अर्धे खरे सांगतात. पहिला अर्धा रस्ता उताराचा आहे, पुढे चढ लागतो.

आपला देश अद्याप त्या उताराच्या भागात आहे, आणि तेथे त्याने केलेले काम लहान नाही. ऊर्जासंवर्धनाचा कायदा २००१चा. २००९ साली केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाखालील चार सार्वजनिक कंपन्यांनी मिळून एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी काढली. ऑक्टोबर २०१४मध्ये हुदहुद वादळाने विशाखापट्टणम उद्ध्वस्त झाले, रस्त्यांवरचे दिवे गेले. तेव्हा जुनेच दिवे पुन्हा न लावता ९० हजारांवर एलईडी दिवे या कंपनीने तेथे बसवले. जानेवारी २०१५मध्ये रस्त्यांच्या दिव्यांची ही योजना देशभर झाली. भांडवल सारे कंपनीचे; नगरपालिकेने एक पैसा आगाऊ द्यायचा नाही, उतरलेल्या बिलातून सात वर्षे हप्ते भरायचे. त्याच सुमारास घरगुती दिव्यांची प्रचंड एकगठ्ठा खरेदी झाल्यामुळे, २०१४च्या आरंभी जो एलईडी दिवा कंपनीला ३१० रुपयांना पडत होता तो २०१६मध्ये ३८ रुपयांना पडू लागला. खरेदीदार सरकारएवढा मोठा असला म्हणजे काय होते याचे याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

सरकारने २०२५च्या आरंभी दिलेल्या आकड्यांप्रमाणे अशा १ कोटी ३४ लक्षांहून अधिक रस्त्यांच्या दिव्यांमुळे वर्षाला सुमारे ९०० कोटी युनिट वीज आणि ६२ लक्ष टन कर्बवायू वाचतो. म्हणजे एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम. आपल्या खेड्यातल्या दिव्याखाली उभे राहून हा धूर दिसत नाही. गोव्यात मोठे औष्णिक केंद्र नाही. आमच्याकडची बरीचशी वीज कोरबा, विंध्याचल येथल्या कोळशाच्या केंद्रांतून येते. आमच्या सभामंडपातला पंखा फिरतो आणि त्याचा धूर छत्तीसगडच्या आकाशात चढतो.

हिशेबनीस म्हणून दोन शंका मांडल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. पुष्कळ गावांत रस्त्याच्या दिव्यांना मीटरच नव्हता. तेव्हा तेथली बचत ही जुन्या आणि नव्या दिव्यांच्या वॅटमधला फरक गुणिले तास, अशी मानलेली बचत. वॅटच्या कॉर्नवॉलमध्ये निदान कुलूपबंद मोजयंत्र तरी होते! दुसरी शंका अधिक जिव्हारी लागणारी. दिवे लागले, बिले उतरली, पण कित्येक नगरपालिकांनी कंपनीचे हप्ते वेळेवर दिले नाहीत आणि थकबाकीचे ओझे कंपनीवर वाढत गेले. वाचलेला पैसा कोणाच्या नावे वेगळा ठेवलेला नव्हता. तो आला तसा गटारीच्या, पगाराच्या, सणावारांच्या खर्चात विरघळला. नगरपालिकांना दोष देणे सोपे आहे. मीही दिला असता, जर मधल्या काळात आमच्या देवळात पुढील प्रकार घडला नसता.

खजिनदार झाल्यावर पहिल्याच वर्षी मी महाजनांच्या सभेपुढे ठराव आणला, की देवस्थानाच्या ठेवीतून काही रक्कम काढून सभामंडपाचे पंखे, सारे दिवे आणि विहिरीवरचा जुना पंप बदलावा. वाचलेल्या बिलातून दरमहा हप्ता पुन्हा ठेवीत भरावा. आणि यासाठी स्वतंत्र वही असावी. वहीला मी 'नंदादीप खाते' असे नाव दिले होते. स्टुटगार्टचे नाव घेतले नाही, नाहीतर ठराव तेथेच पडला असता. माडांचा दाखला दिला. ठराव एकमताने झाला आणि मला, खरे सांगतो, पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या तंत्रज्ञाची फार आठवण आली.

वर्ष सरले. सभेत वडीलधारे एक महाजन उठले आणि शांतपणे म्हणाले, "खजिनदारबाब, बिल गेल्या सालापेक्षा वाढलेले आहे आणि तुम्ही सांगता वाचले!"

सभा हसली. त्यांचे म्हणणे खरे होते. त्याच वर्षी अग्रशाळेत भाविकांसाठी आठ खोल्या वाढल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत पाणी तापवण्याचे यंत्र बसले होते. दिवे बदलले नसते तर बिल आणखी किती वाढले असते हे मला सांगता येत होते, दाखवता येत नव्हते. न जळलेला कोळसा तराजूत बसेना. मी पुष्कळ बोललो. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर, एरवी सज्जन असलेल्या माणसाला उतारवयात काय झाले, असा भाव होता. त्या रात्री मला झोप आली नाही. पैशाचा अपहार केल्याचा संशय कोणी घेतला नव्हता, तरी मला तसे वाटत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात स्वखर्चाने अग्रशाळेसाठी वेगळा उपमीटर बसवून घेतला आणि रोज काकडआरतीनंतर आकडे टिपू लागलो. चार महिन्यांनी सभामंडप व गाभारा यांचा खप किती उतरला हे कागदावर स्वच्छ उभे राहिले. तो कागद मी त्या वडील महाजनांच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, चहा मागवला आणि म्हणाले, "हे आधी का केले नाही?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षे हिशेब लिहून मी आरंभीचे माप घ्यायला विसरलो होतो.

पण गोष्ट येथे संपत नाही. बचत दिसू लागताच आमच्या मुखत्यारांनी जत्रेपूर्वी पालखीच्या चांदीच्या डागडुजीसाठी 'नंदादीप खात्या'तील दोन महिन्यांची रक्कम उचलली. पालखीचे काम निकडीचे होते, मी स्वतः सही केली. त्यानंतर दिवे स्वस्त आणि बिल हलके, म्हणून शिखरावर आणि प्राकारावर रंगीत दिव्यांच्या माळा आल्या, त्या रात्रभर जळू लागल्या. इंग्लंडात जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८६५मध्येच लिहून ठेवले होते की कोळशाचा वापर किफायतशीर झाला म्हणजे कोळसा कमी न लागता अधिक लागतो. शिखराकडे पाहून मला त्या गृहस्थाविषयी आदर वाटला. मुखत्यारांना म्हटले, तर ते म्हणाले, "देवाचे शिखर काळोखात ठेवायचे काय?" हा युक्तिवाद कोणत्याही अर्थखात्याला खोडता आलेला नाही, मला कोठून येणार?

शेवटी तडजोड झाली. शेजारतीनंतर अर्ध्या तासाने माळा आपोआप मालवतील असे घड्याळ बसवायचे. आणि त्यांच्यापुरता वहीत वेगळा रकाना. त्रिपुरी पौर्णिमेला मात्र दीपस्तंभावर पूर्वीप्रमाणे तेलाच्याच पणत्या लागतील. तेथे कोणी काटकसरीचा शब्द काढायचा नाही, हा मुखत्यारांचा आग्रह मी आनंदाने मानला. घड्याळ गेल्या महिन्यात बसले. पालखीसाठी उचललेले दोन हप्ते परत आलेले नाहीत. पुढच्या सभेच्या कामकाजात मी त्यांचा विषय तिसऱ्या क्रमांकावर घातला आहे, आणि वीजखात्याच्या बिलाशेजारी उपमीटरचे बारा महिन्यांचे आकडे या वेळी आधीच सभामंडपाच्या खांबावर लावून ठेवले आहेत.